पांढरी चार

या, अशा जवळ सरकून बसा. पाय मोकळे सोडलेत तरी चालेल, हे काही देऊळ नाही. पण मधे उठू नका, एवढं आधीच सांगते. एका पेटीवाल्याची गोष्ट सांगणार आहे. ती कीर्तनाचीही आहे आणि हवामानाचीही. मला दोन्हींचं वेड. माझ्या हापिसात मला 'कीर्तनवाल्या सावंत' म्हणत आणि माझ्या गावात 'पावसाची बाय'. त्या दिवशी ही दोन्ही नावं एकमेकांवर येऊन आदळली.

"सावंत, तुमचं ते आकड्यांचं कीर्तन पुरे करा आणि जेवायला चला," मोहोळकर सर दारातून म्हणाले होते.

वैशाखातली दुपार होती. पुण्यात हापिसाच्या काचेबाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. मी खुर्चीतून उठले नाही. त्यांना म्हटलं, सर, इकडे या, हे बघा आणि मग जेवा.

त्यांना काय दाखवत होते, ते आधी सांगायला हवं. हवेत वाफ किती आहे, ती किती उंचीपर्यंत आहे, हे उपग्रह वरून मोजतो. पण यंत्र म्हटलं की त्याला खोड असते. एखादं सतत थोडं जास्त सांगतं, एखादं थोडं कमी. म्हणून आमचा संगणक रोज उपग्रहाचं म्हणणं स्वतःच्या अंदाजाशी ताडून बघतो. फरक सारखा एकाच बाजूला दिसला, तर तो यंत्राची खोड समजतो आणि तेवढा भाग वजा करून टाकतो. हे आपोआप होतं. वजा केलेले आकडे मग दुसऱ्या दिवशीच्या अंदाजात जातात. यात वाईट काही नाही, जगभर असंच करतात. मात्र या सगळ्याला जमिनीवरून एक खुंटी लागते. ती खुंटी म्हणजे किनाऱ्यावरून रोज हवेत सोडायचा फुगा. त्याला लटकवलेलं यंत्र वर जाता जाता खरी वाफ मोजून कळवतं. आमच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या केंद्रात त्या उन्हाळ्यात फुगा भरायला गॅसच आला नव्हता. कागद फिरत होते, फुगा जमिनीवर होता.

मी पडद्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी लावले होते. एक दुरुस्त केलेला, दुसरा उपग्रहाने जसा पाठवला तसा, कच्चा. दुरुस्त नकाशात सिंधुदुर्गावरची हवा कोरडी. कच्च्या नकाशात समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत आणि खालपासून पार वरपर्यंत वाफच वाफ, जणू भिजवून न पिळलेलं धोतर.

सर वाकून बघत म्हणाले, "या उपग्रहाची खोड वाढत चालली आहे. हे मला महिन्याभरापासून माहीत आहे. म्हणूनच दुरुस्तीही वाढते आहे. आपली व्यवस्था आपलं काम करते आहे, सावंत."

पण मी नकाशावरून नजर काढली नाही, आणि त्याचं कारण सरांना माहीत नव्हतं.

सकाळीच आईचा फोन आला होता. आमचं गाव वेळणं. घाटाच्या पायथ्याशी, काळवी नदीच्या काठावर. उन्हाळ्यात काळवी आटते आणि देवळाखाली वाळूचं मोठं पटांगण उघडं पडतं. गावात दुसरी सपाट जागा नाही, म्हणून वैशाखातल्या उत्सवाचा मांडव नदीतच पडतो. माझ्या आजीच्या आधीपासून पडतो. आई म्हणाली, "मांडव नदीतच घातलोहा. तुमच्या हापिसान सगळा कोरडा म्हणून सांगल्यान हा, कमिटीन फोनात बघल्यान. चार वाजता बुवांचा कीर्तन." मग जरा थांबून, "तू येवक व्हया होतंस गो."

मोरेश्वरबुवा तळवणेकर. त्यांच्या कीर्तनाला आजूबाजूच्या पाच गावांतली म्हातारी माणसं बैलगाडीतून, टेम्पोतून, एकमेकांच्या खांद्याचा आधार घेऊन येत. मी देवाचं पहिलं नाव घेतलं ते त्यांच्या तोंडून ऐकून. लहानपणी वाटे, देवाचा आवाज असलाच तर असाच असणार, भरदार आणि जरासा घोगरा.

ती सगळी माणसं आणि माझी आई चार वाजता कोरड्या नदीच्या मधोमध बसणार होती. वर चढायला एकच पाखाडी, दगडी पायऱ्यांची अरुंद वाट, एका वेळी दोन माणसं जेमतेम चढतील एवढी. आणि माझ्यासमोर दोन नकाशे होते, त्यांतला एक खोटा होता.

कोणता, हेच कळत नव्हतं. फुगा नाही. त्या बाजूला रडार नाही. ढगांच्या चित्रात घाटमाथ्यावर दोन-तीन पांढरे ठिपके, वैशाखात दुपारी असतातच तसे. वळिवाची एखादी सर पडते, वाळू भिजते, लोक हसतात, मांडवाला ठिगळ लावतात. काळजी वाफेची होती. कच्चा नकाशा खरा असेल तर ती नुसती सर नव्हती, नदीचा लोंढा होता.

मी डोकं धरून बसले. आणि खरं सांगते, त्या वेळी मी देवाचा धावा करायला गेले, तर मला देव आठवला नाही. जनूकाका आठवले.

जनार्दन मेस्त्री. धंद्याने सुतार, दारं-खिडक्या करत. पण बुवांचं कीर्तन आणि जनूकाकांची पेटी हे मी जन्मल्यापासून एकत्रच ऐकलेलं. आदल्या वर्षी मी उत्सवाला गेले होते. तंबोरा धरणारे गृहस्थ वारले होते, म्हणून जनूकाकांच्या मोबाईलमध्ये मी तंबोऱ्याचं अ‍ॅप घालून दिलं. फोन पेटीवर ठेवायचा, तंबोरा वाजत राहतो. काकांना फार मौज वाटली. मग मी विचारलं, सूर कुठे लावू, बुवांची पांढरी चार ना? बुवा पांढरी चारमध्ये गातात हे गावातलं पोरही सांगेल. उंच पट्टी, भल्याभल्यांना झेपत नाही.

काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "काळी एक लाव."

काळी एक म्हणजे खूपच खाली. त्यांनी सांगितलं की बुवांचा आवाज बरीच वर्षं उतरतो आहे. एका उत्सवात अर्धी पायरी, पुढच्यात आणखी थोडी. ते पेटी त्यांच्यामागून खाली नेत राहिले. तंबोराही खाली, तबलाही उतरवून घेतलेला. मांडवात कुणाला कळलं नाही. बुवांनाही नाही.

"सगळेच खाली उतरले काय, कोण उतरलो असा वाटणा नाय," ते म्हणाले. "बुवांका सांगू नको हां. ह्या वयात त्यांका कित्याक दुखवूचा?"

मग त्यांनी हात पुढे केला. मांडी घालून बसले की त्यांचे गुडघे अडकत. कुणीतरी हात दिल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. मी त्यांना उठवलं आणि ते हसत म्हणाले, बसवतो देव, उठवतात माणसं.

हे आठवलं आणि मी नकाशाकडे नव्याने बघितलं.

खोड अशी महिनाभर सावकाश वाढत जात नाही. उतरत असतो तो गाणारा. उपग्रह जिथे होता तिथेच होता. कोरडा कोरडा होत उतरत गेला होता आमचाच अंदाज, आणि आम्ही रोज उपग्रहाला त्याच्या सुराशी आणून लावत होतो. दोघं सोबत उतरले, म्हणून सगळं सुरेल वाटत होतं.

सरांना मी हे पेटीच्या भाषेतच सांगितलं, दुसरी भाषा सुचली नाही. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, दुरुस्ती काढून टाका, तेवढ्या पट्ट्यापुरतं गणित पुन्हा चालवा, बघू.

गणिताला वेळ लागतो. तुम्ही मंत्र म्हणा, नवस बोला, संगणक आपल्या चालीने चालतो. मी पदर तोंडात धरून बसले होते. सर जेवले नाहीत. उत्तर आलं तेव्हा पडद्यावर घाटमाथा जांभळा झाला होता, म्हणजे अतिवृष्टी. ढग वर उठतात आणि वरचा वारा मंद असल्यामुळे तिथेच उभे राहतात. काळवीच्या उगमावर उभे राहतात आणि रिते होतात. कधी? आत्ता. आम्ही बघत होतो तेव्हाच. ताजं चित्र उघडलं, तर ते दोन-तीन ठिपके एकमेकांत मिसळून कोबीच्या गड्ड्यासारखे फुगले होते.

घड्याळात चार वाजून गेले होते.

सर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावू लागले. तिकडच्या माणसाचा आवाज मला ऐकू येत होता. तो सभ्यपणे विचारत होता की, तुमच्याच सकाळच्या अंदाजात कोरडं आहे, मग कुठलं खरं धरू? लेखी पाठवा. सरांनी लिहायला घेतलं. मी आईला फोन लावला. वाजत राहिला. आई कीर्तनाला जाताना फोन घरी देवापाशी ठेवते. कमिटीच्या अध्यक्षांचा बंद. सरपंचांचा बंद. तबलजीचा बंद. आमच्या गावात कीर्तनात फोन वाजला तर माणसाला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून सगळे बंद करून बसतात. मी एकेक नंबर लावत होते आणि प्रत्येक बंद फोन म्हणजे वाळूत बसलेला एक माणूस. पोलीसपाटलाचा लागला. त्याच्या सुनेने घेतला. ती म्हणाली, मामा कीर्तनाला गेलेत, मी बाळंतीण आहे, घराबाहेर पडत नाही, पण हय तर लख्ख ऊन आहे हो ताई. तिला म्हटलं, दारात उभी राहून ओरड. ती ओरडली असेलही. नदी घरापासून लांब.

मग डोक्यात एकदम उजेड पडला. एक फोन चालू असणारच. ज्याच्यात तंबोरा वाजत होता तो.

पहिल्यांदा रिंग पूर्ण वाजली आणि तुटली. दुसऱ्यांदाही. मला कळत होतं की तिकडे काय होत असणार. प्रत्येक वेळी तंबोरा थांबत असणार, बुवा रागाने बघत असणार, काका फोन बंद करून तंबोरा पुन्हा लावत असणार. तिसऱ्यांदा त्यांनी घेतला. मी फोन स्पीकरवर टाकला. मागे बुवांचा आवाज, झांजा, पेटी. एका हाताने वाजवत असणार, कारण भाता श्वास अडकल्यासारखा येत होता.

"बाय, कीर्तन चालू आसा गो. मागीर कर."

"काका, नदीला पाणी येतंय. वर घाटात ढग फुटलाय. सगळ्यांना उठवा. आत्ता."

"हय ऊन आसा."

"काका, माझ्या गळ्याची शपथ. मला दिसतंय इथून."

बुवांचं चालूच होतं. ते पूर्वरंगातच, कीर्तनाच्या पहिल्याच भागात होते, निरूपण रंगात आलं होतं, लोक हसत होते. मी विचारलं, आई कुठे आहे. काका म्हणाले, फुडेच बसलीहा. मग मला म्हणाले, आणि हे वाक्य मी कधी विसरणार नाही, "पाणी म्हणून वरडलंय तर पाखाडीत चेंगारतली गो म्हातारी माणसा. आणि नाय वरडलंय तर कीर्तनातसून कोण उठताहा?"

खरं होतं ते. नारदाच्या गादीवरून कीर्तन सुरू झालं की आरतीपर्यंत कुणी उठत नाही. बुवाही थांबत नाहीत. घरात मयत झाल्याचा निरोप आला, तरी आरती करून मगच निघालेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांना उठवू शकणारी गोष्ट एकच होती.

फोन चालूच पेटीवर ठेवल्याचा आवाज आला. पेटी थांबली.

मग ती सुरू झाली. पण पट्टी दुसरीच होती. मी ती ओळखली. पांढरी चार. आणि सूर रवळनाथाच्या, आमच्या ग्रामदेवाच्या आरतीचे.

निरूपणाच्या मधोमध, बुवांचं वाक्य अर्धवट तोडून, जनूकाकांनी आरती लावली होती. बुवांचा आवाज थांबला. मांडव थांबला. पेटी एकटी, तिच्या जुन्या उंचीवर, थांबत नव्हती. ज्या माणसाने इतकी वर्षं बुवांना त्यांच्या आवाजाची कमी कळू दिली नाही, तो आज त्यांच्यासाठी एक पायरीसुद्धा उतरत नव्हता. बुवांना तेवढ्यावरून कळलं असावं. आपला जनू आपल्याला भर सभेत उघडं पाडतोय, म्हणजे काहीतरी त्याहून मोठं आहे.

ते गायला लागले. आवाज वर गेला आणि चिरकला. पुन्हा उचलला. पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा तो त्या सुरावर पोचला आणि कसाबसा, थरथरत, तिथे टिकला. मग लोकांनी उचलली. आरती लागली की माणूस उभा राहतो, त्याला विचार करावा लागत नाही. वाळू सरकल्याचा, पायांचा, टाळ्यांचा आवाज मला हापिसात ऐकू आला. मी मान वळवली, तर मोहोळकर सर खुर्चीतून उठून उभे होते. त्यांना ते कळलंही नव्हतं.

बुवा गातगात चालू लागले असणार, कारण त्यांचा आवाज लांब जाऊ लागला. 'चला देवाच्या पायाशी' असं मधेच म्हणाले, तेवढं समजलं. लोक त्यांच्यामागे निघाले. कुणी धावत नव्हतं. आरती म्हणत चाललेली माणसं एकमेकांना ढकलत नाहीत.

आरती संपली की लोक बुक्क्यासाठी, प्रसादासाठी पुन्हा खाली बसतात. जनूकाकांनी ती संपू दिली नाही. शेवटचं कडवं आलं की पहिलं पुन्हा धरत. मी फोनमध्ये ओरडत होते, काका, आता तुम्ही निघा. त्यांना ऐकू जात नव्हतं. फोन पेटीवर होता आणि पेटी फोनहून मोठी होती. आवाज विरळ होत गेले. वरून, पाखाडीवरून, लांबून येत राहिले. जवळ फक्त पेटी.

मग अगदी जवळून माझ्या आईचा आवाज आला.

"जनू, ऊठ. हात दी."

"तू फुडे हो, बायो. मागची अजून पाखाडीर नाय पोचूक. पेटी थांबली तर लोका परत बसतली."

"मेल्या, तुका उठवतलो कोण?"

"देव उठवतलो. जा."

आई गेली. ती गेली म्हणून मी तिला कधी दोष दिला नाही आणि तिने स्वतःला द्यायचं कधी थांबवलं नाही. तिच्या मागे एक आंधळी म्हातारी होती, तिचा हात आईच्या हातात होता. एवढंच खरं आहे.

आरतीचं कडवं पुन्हा सुरू झालं. मधे कुठेतरी मागून एक आवाज येऊ लागला. खडीचा ट्रक लांब कुठेतरी रिकामा होतोय आणि तो रिकामा व्हायचा थांबतच नाहीये, असा. पेटीचा सूर त्या आवाजाबरोबर जरा मोठा झाला, काकांनी भाता जोरात ओढला असावा. वरून लोक हाका मारत होते. त्यांच्या हाकांत आता शब्द नव्हते. पांढरी चार शेवटपर्यंत जागची हलली नाही.

फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. सर म्हणाले, सावंत, ठेवा तो. मी ठेवला नाही. मग आईचा नंबर लावत राहिले, आमच्या रिकाम्या घरात देवापाशी वाजणारा. किती वेळ, ते सांगता येणार नाही. बाहेर उन्हं उतरली. एकदा तो कुणीतरी उचलला. फक्त श्वास. मी ओळखला. मी 'आई' म्हटलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "सगळी वर आसत." आणि मग, "जनू नाय."

काका दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाले. पेटी मिळाली नाही.

पुढच्या वैशाखात मांडव देवळाच्या अंगणात पडला, दाटीवाटीने. मी गेले होते. बुवांबरोबर पेटीला कुडाळचा कुणी तरुण होता, त्याने आदराने पट्टी खाली लावली. बुवांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, पांढरी चार. आवाज चिरकला, त्यांनी चिरकू दिला. कुणी हसलं नाही. आई पदरात तोंड घालून बसली होती.

आमच्या हापिसात त्यानंतर एक गोष्ट बदलली. येणाऱ्या आकड्यांपैकी काही आकडे आता कधीच दुरुस्त करत नाहीत. ते आमच्या अंदाजाशी कितीही भांडले तरी त्यांना तसंच ठेवतात, आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून सूर लावायचा. त्या आकड्यांच्या फाइलला नाव काय द्यायचं असं विचारलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत मोहोळकर सरांनीच टाइप केलं. नवीन मुलं अजून विचारतात की 'पांढरी चार' म्हणजे नक्की काय. सरही आता निवृत्त झाले. मीही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. मला दुसरं काही नको. उद्या, परवा, कधीतरी तुम्ही एखाद्या देवळात उभे असाल. आरती जरा लांबेल, पाय दुखतील, मनात येईल की आता संपवावी यांनी. तेव्हा पेटीकडे एकदा बघा. तिच्यामागे जो बसला असेल, तो उठताना त्याला हात द्या. आणि वेळण्याच्या जनू मेस्त्रीची आठवण ठेवा.